थेरपीची प्रॅक्टिस सुरू करताना खास क्षेत्र कसे ठरवावे? नाशिकमधल्या नव्या समुपदेशकांसाठी

मानसशास्त्रात एम.ए. झाले, दोन-तीन वर्षे एखाद्या शाळेत किंवा हॉस्पिटलमध्ये काम झाले आणि आता स्वतःची खोली घेऊन बसायचे ठरले, की नाशिकमध्ये पहिला प्रश्न जागेचा येतो. गंगापूर रोडचे भाडे झेपत नाही, मग इंदिरानगर की नाशिक रोड? दुसरा प्रश्न पाटीचा. पाटीवर बहुतेक जण सगळेच लिहून मोकळे होतात: विवाहपूर्व समुपदेशन, मुलांच्या समस्या, करिअर मार्गदर्शन, नैराश्य, व्यसनमुक्ती, ताणतणाव, परीक्षेची भीती. यामागचे कारण कळते. भाड्याची तारीख डोळ्यांसमोर असते, आणि यातले एक नाव गाळले तर तेवढी माणसे हातची जातील अशी धास्ती असते.

पण ज्याला मदत हवी आहे त्याच्या बाजूने ही पाटी वाचून पाहा. सासूच्या निधनानंतर वर्षभर झोप न लागलेली बाई ती वाचते. बारावीतल्या मुलाचा बाप वाचतो. रोज रात्री गॅसचे बटण पंधरा वेळा तपासणारा माणूसही वाचतो. तिघांनाही त्यातून एकच गोष्ट कळते की इथे समुपदेशन मिळते. 'माझ्यासारखी माणसे यांनी पाहिली आहेत का?' हा त्यांचा खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या पाटीत नसते.

खास क्षेत्र निवडणे हा जाहिरातीचा भाग आहे असे समजून लोक त्याकडे वळतात. माझ्या मते तो आधी उपचाराचा निर्णय आहे. कोणत्या माणसाला माझ्याकडे आल्याने त्याची वर्षे वाचतील, आणि कोणाला मी प्रामाणिकपणे दुसरीकडे पाठवले पाहिजे, हे ठरवणे म्हणजे खास क्षेत्र ठरवणे. प्रॅक्टिस चालणे त्याच्या मागून येते.

आधी आपली चौकट ओळखा

हा भाग थोडक्यात सांगते, पण तो ओलांडून पुढे जाता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषधे देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेण्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. तिथपर्यंतचा नेहमीचा रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.चा किंवा साय.डी.चा (मानसशास्त्रातल्या डॉक्टरेटचा) राहिला आहे. एम.ए. करून किंवा पदविका घेऊन समुपदेशन करणारे यांच्यापेक्षा वेगळे. समुपदेशकांसारख्या व्यावसायिकांना नोंदणीखाली आणण्याची तरतूद २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांसंबंधीच्या केंद्रीय कायद्यात आहे.

आपले खास क्षेत्र आपल्या पात्रतेच्या आत बसले पाहिजे. एम.ए. झालेल्या समुपदेशकाने 'स्किझोफ्रेनियावर उपचार' हे आपले क्षेत्र म्हणून लावू नये. अशा रुग्णाच्या काळजीवाहू आईवडिलांना आधार देणे, आजार समजावून सांगणे, गोळ्या मधेच बंद होऊ नयेत म्हणून मानसोपचारतज्ज्ञांच्या बरोबरीने काम करणे, हे मात्र तो नक्की करू शकतो. तेही पूर्ण, मानाचे खास क्षेत्र आहे, आणि त्यात काम करणारी माणसे फार थोडी आहेत.

पद्धत महत्त्वाची की माणूस?

एक उदाहरण जरा सविस्तर घेते, कारण सगळा मुद्दा त्यात आहे.

पंचवटीतले एक जुने, सोवळे-ओवळे पाळणारे घर समजा. पूजेला बसण्याआधी अंघोळ, हा घरचा रिवाज. पण घरातला चाळिशीचा कर्ता पुरुष अंघोळ करून देवघराकडे येतो आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, कारण दाराला हात लागला की काय अशी शंका आली. पुन्हा अंघोळ. स्तोत्र म्हणताना एखादे अक्षर चुकल्यासारखे वाटले की पहिल्यापासून सुरुवात. मग बायकोला विचारणे, "मी नीट म्हटलं ना गं?" ती म्हणते, "हो, नीटच म्हटलंत." पाच मिनिटे बरे वाटते. मग पुन्हा तोच प्रश्न. कामावर जायला उशीर, घरात चिडचिड, आणि 'फारच देवभोळे आहेत' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेले.

हा ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि पुन्हा पुन्हा तीच कृती यांचा आजार, असू शकतो. आता हा माणूस चांगल्या मनाच्या, पण ओसीडीचे प्रशिक्षण नसलेल्या समुपदेशकाकडे गेला तर काय होईल? समुपदेशक शांतपणे ऐकून घेईल आणि धीर देईल: 'तुमची श्रद्धा खरी आहे, देव अशा चुका मोजत नाही.' ऐकणाऱ्याला तेवढ्यापुरते हलके वाटेल. पण बायकोचे 'हो, नीटच म्हटलंत' आणि समुपदेशकाचा हा धीर यांत काही फरक नाही. दोन्हींमुळे शंका क्षणभर शमते, आणि शंका आली की कोणाकडून तरी खात्री करून घ्यायची ही सवय आणखी पक्की होते. म्हणजे सेशनमागून सेशन होत राहतील आणि आजार वाढत राहील.

ओसीडीसाठी उपयोगी ठरलेली पद्धत वेगळी आहे. १९६६ मध्ये लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी तिची सुरुवात करून दिली, आणि आज ती ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) या नावाने ओळखली जाते. तिचे सूत्र सांगायला सोपे आहे. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर टप्प्याटप्प्याने जायचे आणि नंतर जी कृती करून सुटका मिळवली जाते ती करायची नाही. दाराला हात लावायचा आणि अंघोळ न करता बसून राहायचे. घालमेल वाढते, काही वेळाने आपोआप उतरते. हे पुन्हा पुन्हा अनुभवले की, 'शंका तशीच राहिली तरी मी निभावू शकतो' हे त्या माणसाच्या अंगवळणी पडते. ऐकायला सोपे, करवून घ्यायला अवघड. कोणती पायरी आधी घ्यायची, बायकोने 'हो, नीटच' म्हणणे कसे थांबवायचे, मनातल्या मनात होणारे जप-मोजणे कसे ओळखायचे, हे शिकावे लागते आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करावे लागते.

नाशिकमध्ये त्यात आणखी एक पदर आहे. इथे देवधर्म रोजच्या जगण्यात आहे, त्यामुळे रिवाज कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो हे कळणारा थेरपिस्ट हवा. रिवाजाला शेवट असतो. एकदा अंघोळ झाली की झाली, जप पूर्ण झाला की उठायचे. आजाराला शेवट नसतो. घरातले ज्येष्ठ किंवा नेहमीचे गुरुजी जेवढे पाळायला सांगतात त्यापलीकडे हा माणूस किती जातो, हे विचारले की बरेच उलगडते. आणि असे विचारल्याने श्रद्धेचा अपमानही होत नाही. हे ज्याला जमते त्याच्याकडे मालेगाव-मनमाडहूनही माणसे येतील.

आता दुसरी बाजू. पतीच्या निधनानंतर एकटी पडलेली बाई, नोकरी सुटल्यावर स्वतःला निरुपयोगी समजणारा माणूस, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे जोडपे. यांच्या बाबतीत अमुकच पद्धत हवी असा आग्रह धरता येत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोहोचायचे याबद्दल दोघांचे एकमत, तिथे जाण्यासाठी काय करायचे याबद्दल एकमत, आणि परस्परांवरचा विश्वास. थेरपी कोणतीही असो, हे नाते जुळले तर गुण येण्याची शक्यता वाढते, हे नंतरच्या पुष्कळ संशोधनात दिसत राहिले. इथे खास क्षेत्र पद्धतीवर उभे राहत नाही. त्या माणसांचे जग किती आतून माहीत आहे, यावर ते उभे राहते.

म्हणून क्षेत्र ठरवताना पहिला प्रश्न स्वतःला असा विचारावा: मी निवडतोय त्या त्रासाला विशिष्ट तंत्र लागते का? ओसीडी, जुना आघात, खाण्याचे विकार, व्यसन असेल तर आधी प्रशिक्षण, मग पाटी. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून आघातावर काम सुरू करणे मला धोकादायक वाटते. उघडलेली जखम सांभाळता आली नाही तर माणूस आला होता त्यापेक्षा वाईट अवस्थेत घरी जातो.

आयुष्यातला एखादा टप्पाही क्षेत्र होऊ शकतो

आजार किंवा वयोगट यांवरून क्षेत्र निवडतात हे सगळ्यांना माहीत असते. टप्प्यावरून निवडणे मला त्याहून उपयोगी वाटते, कारण टप्प्यातून जाणारी माणसे कुठे भेटतील हे आधीच सांगता येते.

बाळंतपणानंतरचे नैराश्य घ्या. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत अनेक जणींना उगाच रडू येते, ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाकडे पाहून काहीच वाटेना, स्वतःला वाईट आई समजण्याचा विचार सुटेना, तर ते नैराश्य असू शकते. त्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली आहे. दहाच प्रश्न आहेत, आणि दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तो कधीही वगळायचा नाही.

आता हेच नाशिकमध्ये आणून पाहा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली पद्धत. लग्न होऊन पुण्याला, मुंबईला किंवा नगरला गेलेली मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात नाशिकला येते आणि बाळ थोडे मोठे झाले की सासरी परतते. तुमच्या हातात असलेला वेळ तेवढाच. मधेच ती गेली तर काम तुटते. म्हणजे या क्षेत्रात पडायचे असेल तर पहिल्याच भेटीत 'सासरी गेल्यावर आपण फोनवर किंवा व्हिडिओवर कसे बोलणार, तुम्हाला तिथे बोलायला एकांत कुठे मिळेल' हे ठरवावे लागते.

वेळेचेही तसेच. सकाळी बाळाला तेल लावून अंघोळ घालायला मावशी येतात. त्यानंतर शेक-धुरी होते आणि बाळ झोपते. आईला खऱ्या अर्थाने मोकळा मिळणारा तास तोच. संध्याकाळी सहाची वेळ देऊन 'क्लायंट येत नाही' म्हणण्यात अर्थ नाही. खोलीत बाळाला आडवे करायला जागा हवी. बरोबर आलेल्या आजीला बाहेर बसायला खुर्ची हवी, आणि मधले दार नीट बंद होणारे हवे. 'आम्हाला नव्हतं बाई झालं असलं काही,' असे म्हणणाऱ्या त्याच आजीला दहा मिनिटे आत बोलावून समजावले, तर घरातली निम्मी लढाई सोपी होते. ती शत्रू नसते, घाबरलेली असते.

आणि या आया सापडतात कुठे? सगळे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धावतात. पण प्रसूतीनंतर आई स्वतःच्या तपासणीला एखाददुसऱ्या वेळी जाते. बाळ मात्र लसीकरणाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बालरोगतज्ज्ञांकडे हमखास जाते, आणि आई बरोबर असते. नैराश्य ठळक दिसू लागण्याचा काळही हाच. म्हणून या क्षेत्रात बालरोगतज्ज्ञ हे पहिले दार. एक सूचना मात्र त्यांच्याशी बोलताना आधीच ठरवून घ्यायची: आईला भास होत असतील, ती विसंगत बोलत असेल, झोप जवळपास बंद झाली असेल किंवा बाळाला इजा होईल अशी चिन्हे असतील, तर समुपदेशकाकडे पाठवू नये. ती त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्याची तातडी आहे. हजारातल्या एक-दोन बाळंतिणींना असे होते, पण होते.

'इतके अरुंद क्षेत्र घेतले तर खायचे काय?'

हा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे गणितच मांडू. आठवड्याला वीस सेशन घेता येतात असे धरा. त्याहून जास्त घेऊन मन ताजे ठेवणे कठीण असते. वर्षाचे ४८ आठवडे कामाचे धरले तर ९६० सेशन. एक क्लायंट सरासरी बारा वेळा आला तर वर्षाला ८० नवी माणसे पुरतात. काही जण दोन-तीन भेटींनंतर येणे थांबवतात, त्यामुळे प्रत्यक्षात १२० धरा. म्हणजे महिन्याला दहा.

२०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या आसपास होती आणि जिल्ह्याची ६१ लाखांवर. त्यानंतर शहर किती पसरले आहे ते आपण पाहतोच. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. महिन्याला दहा माणसे मिळण्यासाठी सगळे शहर पाटीवर बोलवावे लागत नाही. सात-आठ डॉक्टर, दोन शाळा आणि एखाद्या वकिलाला तुम्ही नेमके काय करता हे पक्के माहीत असले तरी पुरते.

आणि खास क्षेत्र ठरवले म्हणजे इतरांना दारातून परत पाठवायचे असेही नाही. पहिली दोन-तीन वर्षे निम्मे काम आपल्या क्षेत्राचे आणि निम्मे इतर, असेच बहुतेकांचे चालते. फरक एवढाच की वाचन, प्रशिक्षण, सुपरव्हिजनचा (अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीचा) पैसा आणि डॉक्टरांच्या भेटी या एका दिशेने होतात. सात दिशांना पसरलेली मेहनत कुठेच साठत नाही.

नाशिकमध्ये कोण वाट पाहतेय?

हे शहर एकसारखे नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांची झोप आणि संसार दोन्ही पाळीप्रमाणे फिरतात. तिथे काम करायचे तर तुमचे वेळापत्रकही फिरले पाहिजे. देवळाली आणि नाशिक रोडला तोफखान्याची केंद्रे आहेत. जवानाच्या बदल्या, लांबचे पोस्टिंग आणि एकटीने मुले वाढवणारी पत्नी, यांचे प्रश्न कॉलेज रोडवरच्या क्लासच्या मुलांच्या प्रश्नांशी जुळत नाहीत. मुले पुण्यात किंवा परदेशात आणि आईवडील इथे मोठ्या फ्लॅटमध्ये एकटे, हा वर्गही वाढतोय, आणि ज्येष्ठांसाठी घरी जाऊन काम करायला तयार असलेला समुपदेशक शोधून सापडत नाही.

पण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते द्राक्षपट्ट्याबद्दल. निफाड, दिंडोरी, चांदवड. बाग उभी करायला मोठे कर्ज, औषधांचा खर्च रोजचा, आणि एका रात्रीच्या गारपिटीत वर्ष संपते. इथल्या माणसाची मनःस्थिती समजायची असेल तर आधी बागेचे वेळापत्रक समजले पाहिजे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, बागलाणात अर्ली बागांची त्याच्याही आधी, आणि जानेवारी ते मार्च-एप्रिल काढणी. गोडी छाटणीनंतर पावसाळी हवा राहिली की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने रात्री-अपरात्री फवारणी चालते. त्या आठवड्यांत 'दर बुधवारी चार वाजता या' हे सांगणे निरर्थक आहे. ज्याला हे क्षेत्र घ्यायचे आहे त्याने कामाच्या गर्दीचे महिने आणि मोकळे महिने पाहून भेटी आखाव्यात. गर्दीच्या काळात पंधरा मिनिटांचा फोन ठेवावा, मोकळ्या काळात तासाचे सेशन.

शेतकरी 'मला नैराश्य आहे' असे म्हणत येत नाही. तो छातीत धडधडते, जेवण जात नाही, डोके जड राहते, असे सांगत पिंपळगावच्या किंवा लासलगावच्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. अनेकदा बायको आधी ओळखते: 'हे बोलतच नाहीत हल्ली, रात्री बागेत जाऊन बसतात.' म्हणून या क्षेत्रात घरातल्या बाईशी बोलणे हे उपचाराचे अंग धरले पाहिजे. आणि एक प्रश्न लाज न बाळगता विचारायचा: फवारणीची औषधे घरात कुठे ठेवता? मनःस्थिती बिघडलेली असेल त्या काळात ती कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, किंवा शेजारच्या मळ्यावर. हे किरकोळ वाटते, पण श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केल्यावर तिथला आत्महत्यांचा दर मोठ्या प्रमाणात खाली आला. संकटाचा क्षण अनेकदा टळून जातो. त्या क्षणी हाताशी काय आहे यावर सगळे अवलंबून असते. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. तो घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये भरून द्यावा.

एकट्या या क्षेत्रावर शहरातल्या खोलीचे भाडे निघणार नाही, हेही सांगितले पाहिजे. पीक हातात येण्याआधी फी देणे अवघड असते. शेतकरी उत्पादक कंपनी, पतसंस्था किंवा गावातले हॉस्पिटल यांच्याशी महिन्याच्या ठरावीक दिवसांचा करार करून, बाकीचे दिवस शहरात काम, अशी मांडणी मला टिकणारी वाटते.

माणसे पाठवणारी माणसे

डॉक्टरांना भेटायला जाताना माहितीपत्रकांचा गठ्ठा नेण्यापेक्षा एक वाक्य न्यावे. 'प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंतच्या उदास, घाबरलेल्या आयांना मी पाहते. पहिली भेट चार दिवसांच्या आत देते. पेशंटच्या संमतीने तुम्हाला अर्ध्या पानाचे पत्र पाठवते.' हे डॉक्टरांच्या लक्षात राहते. पत्र मात्र खरोखर पाठवावे. पाठवलेल्या पेशंटचे पुढे काय झाले हे कळले की डॉक्टर दुसरा पेशंट पाठवतात. पत्रात खासगी तपशील नकोत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा हक्क दिला आहे, त्यामुळे काय कळवायचे हे आधी क्लायंटशी बोलून ठरवायचे.

पेशंट पाठवण्याबद्दल टक्केवारी मागितली गेली तर नाही म्हणा. वैद्यकीय क्षेत्रातली कट प्रॅक्टिस आपल्याकडे येऊ देण्याचे कारण नाही. तो पैसा शेवटी आधीच खचलेल्या माणसाच्या खिशातून जातो.

पाटीबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. तुमचे क्षेत्र पाठवणाऱ्यांना स्पष्ट माहीत हवे, पण इमारतीच्या पाटीवर ते असलेच पाहिजे असे नाही. 'दारू सोडवण्याचे केंद्र' असे लिहिलेल्या जिन्यावर चढताना समोरच्या दुकानदाराने पाहिले तर, या भीतीने माणूस खालूनच परत जातो. पाटीवर नाव, पात्रता, नोंदणी आणि फोन पुरे.

नाशिक वाढले असले तरी ओळखी अजून दाट आहेत, आणि क्षेत्र जितके अरुंद तितक्या त्या जास्त आडव्या येतात. एकाच शाळेतली शिक्षिका, तिची विद्यार्थिनी आणि मुख्याध्यापकांची सून तुमच्याकडे येऊ शकतात. जोडप्यांसोबत काम करणाऱ्याने तर पहिल्याच दिवशी नियम सांगावा की एकाने एकट्यात सांगितलेले दुसऱ्यापासून लपवण्याची जबाबदारी मी घेईन की नाही. मुलांसोबत काम करणाऱ्याने २०१२ चा पॉक्सो कायदा नीट वाचावा. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि गोपनीयतेची हमी देताना हा अपवाद पालकांना आणि मुलाला समजेल अशा शब्दांत आधी सांगायचा असतो.

स्वतःच्या जखमेवरून क्षेत्र निवडावे का?

पुष्कळ जण तसेच निवडतात. घरात व्यसन पाहिलेला व्यसनाकडे वळतो, स्वतःचा घटस्फोट झालेली जोडप्यांकडे. त्यात वाईट काही नाही. त्या जगाची भाषा त्यांना येते, आणि समोरच्याला ते जाणवते. पण समोरची बाई नवऱ्याकडे परत जायचे म्हणतेय आणि तुमच्या मनात राग उसळतोय, तर तो राग कोणावर आहे हे ओळखायला दुसरे माणूस लागते. म्हणून असे क्षेत्र निवडणाऱ्याने नियमित सुपरव्हिजन आणि गरज पडली तर स्वतःची थेरपी, हा खर्च भाड्याइतकाच पक्का धरावा. तो परवडत नसेल तर ते क्षेत्र सध्या घेऊ नये.

ओझ्याचाही विचार हवा. आठवड्याची वीसही सेशन अत्याचाराच्या किंवा आत्महत्येच्या विचारांच्या कहाण्यांची असतील तर फार थोडे लोक वर्षानुवर्षे टिकतात. अशा क्षेत्रात दिवसाला किती भेटी घ्यायच्या याची मर्यादा सुरुवातीलाच ठरवावी, आणि बाकीच्या वेळेत शिकवणे, पालकांचे गट किंवा हलके काम ठेवावे.

ठरवायचे कसे, आणि बदलायचे कधी

आतापर्यंत पाहिलेल्या माणसांची नोंदवही काढा. शेवटचे तीस-चाळीस क्लायंट बघा. कोण टिकले, कोणाला गुण आला, कोणाच्या सेशनआधी तुम्ही उत्सुक होतात आणि कोणाच्या आधी घड्याळाकडे पाहत होतात. कोणी कोणाला पाठवले. यातून एखादी ओळ बहुतेकदा आपोआप दिसू लागते, आणि ती तुम्ही मनात ठरवलेल्या क्षेत्रापेक्षा वेगळी असू शकते. नोंदवहीचे ऐका. जिथे गुण आला नाही तो गट तुमचे क्षेत्र नाही, कितीही आवडत असला तरी, निदान आणखी शिकेपर्यंत.

क्षेत्र निवडल्यावर वर्षभर त्याला संधी द्या. दर तीन महिन्यांनी तीन गोष्टी पाहा: त्या क्षेत्रातली नवी माणसे वाढताहेत का, ती चौथ्या भेटीपर्यंत पोहोचताहेत का, आणि पाठवणाऱ्यांपैकी कोणी दुसऱ्यांदा पाठवले का. माणसे येताहेत पण टिकत नाहीत, तर शिकणे कमी पडतेय, सुपरव्हिजन वाढवा. टिकताहेत पण येत नाहीत, तर पाठवणाऱ्यांपर्यंत तुम्ही पोहोचलेले नाही, खोलीतून बाहेर पडा. दोन्ही होत नसेल तर क्षेत्र बदला, त्यात कमीपणा नाही. बदलताना आधीच्या क्षेत्रातले जे क्लायंट मधल्या टप्प्यावर आहेत त्यांचे काम पूर्ण करा, किंवा योग्य माणसाकडे त्यांना स्वतः फोन करून, पत्र देऊन सोपवा.